‘तो मुद्दाम करतो’ असं वाटतं तेव्हा : बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचं अवघड वर्तन आणि काळजीवाहकांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी 1977 साली ‘प्रबोधिनी’ ही विशेष शाळा सुरू केली. त्यानंतर शहरात आणि जिल्ह्यात बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी व प्रौढांसाठी शाळा, कार्यशाळा, निवासी घरं उभी राहत गेली. या सगळ्या ठिकाणी दिवसरात्र माणसांजवळ असतात त्या मावशी, ताई आणि दादा. तज्ज्ञ आठवड्यातून तासभर येतात आणि उरलेला आठवडा यांच्या हाती असतो. हे पान त्यांच्यासाठी आहे. गृहपाल, अधीक्षक आणि पालक यांनीही जरूर वाचावं.

‘आव्हानात्मक वर्तन’ नेमकं कशाला म्हणायचं?

मारणं, चावणं, केस ओढणं, स्वतःचं डोकं भिंतीवर आपटणं, हाताला चावणं, वस्तू फेकणं, कपडे फाडणं, पळून जाणं, तासन्‌तास किंचाळणं, माती-कागद-दोरे खाणं, विष्ठा फासणं. यातलं एखादं एकदा घडलं म्हणजे ते आव्हानात्मक वर्तन होत नाही. ते इतक्या वेळा, इतक्या जोरात किंवा इतका वेळ चालतं की त्या व्यक्तीला किंवा आजूबाजूच्यांना इजा होऊ शकते, किंवा त्यापायी तिचं शाळेत, सहलीला, लग्नाकार्याला जाणंच बंद होतं, तेव्हा हा शब्द वापरतात.

आपल्याकडे विशेष शाळांत ‘वर्तनसमस्या’ म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात ‘हा फार त्रास देतो’. शब्द कुठलाही वापरा, पण हे सगळ्याच बौद्धिक दिव्यांग व्यक्तींमध्ये नसतं. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शिकेने 2015 साली दिलेला अंदाज असा, की सेवा घेणाऱ्यांपैकी साधारण 5 ते 15 टक्के जणांमध्ये असं वर्तन दिसतं. किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला ते जास्त असतं.

काळजीवाहकाला काय वाटतं, याला एवढं महत्त्व कशाला? वर्तन तर त्याचं आहे ना?

वर्तन त्याचं आहे, पण त्यानंतरच्या मिनिटभरात काय घडतं ते तुमच्या हातात असतं. आणि त्या मिनिटात तुम्ही काय कराल, हे तुम्हाला त्याचं कारण काय वाटतं त्यावर ठरतं.

समजा, नाश्त्याच्या वेळी निवासी घरात राहणाऱ्या एका दादाने पोह्यांची ताटली भिरकावली. एका मावशींच्या मनात आलं, ‘माज आलाय, कालपासून मुद्दाम करतोय.’ त्यांना राग येतो, आवाज चढतो, ‘आता दुपारपर्यंत काही मिळायचं नाही’ असं तोंडून निघून जातं. दुसऱ्या ताईंना आठवलं की काल रात्री त्याने गालावर हात ठेवला होता. त्यांना राग येत नाही, काळजी वाटते. त्या तोंड उघडून दाढ बघतात. ताटली तीच आणि पोहेही तेच, पण दादाचा पुढचा सगळा दिवस वेगळा झाला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांनी ही साखळी मांडली होती. समोरच्याला हे थांबवता आलं असतं असं वाटलं की राग येतो, त्याच्या हातात नव्हतं असं वाटलं की कणव येते, आणि मदत करावीशी वाटणं त्यावर अवलंबून राहतं. 1998 साली ब्रिटनमध्ये डेव्ह डॅग्नन आणि सहकाऱ्यांनी हीच साखळी बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या काळजीवाहकांमध्ये तपासली. ‘तो ठरवून करतो’ असं ज्यांना वाटत होतं त्यांच्या मनात नकारात्मक भावना जास्त होत्या, यात बदल होईल ही आशा कमी होती आणि आशा कमी तशी मदतीची तयारीही कमी होती. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत चित्र इतकं सरळ आलेलं नाही. काहींमध्ये साखळीची एखादी कडी जुळली, काहींमध्ये जुळली नाही. माणूस कागदावरच्या प्रश्नाला एक उत्तर देतो आणि रात्री दोन वाजता, थकलेला असताना, वेगळंच वागतो, हेही त्यामागचं एक कारण असणार. तरी माझं मत ठाम आहे : ‘कारण काय वाटतं’ हा प्रश्न प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी विचारला पाहिजे. तंत्रं नंतर शिकवता येतात.

पण खरंच मुद्दाम करतो! माझी ड्युटी असली की करतो, त्या दुसऱ्या ताई असल्या की गपगार असतो.

तुमचं निरीक्षण खरं आहे आणि मोलाचं आहे. ते तसंच लिहून ठेवा. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष जरा थांबवून बघा.

एकाच माणसासमोर एखादं वर्तन घडतं, याचा अर्थ त्या वर्तनाला त्या माणसाकडून काहीतरी मिळतं किंवा त्या माणसासोबत काहीतरी टळतं. हे शिकलेलं असतं, रचलेलं नसतं. तुमच्या ड्युटीत आंघोळी असतील. त्या ताईंच्या ड्युटीत टीव्ही आणि चहा असेल. थंडीच्या दिवसांत निफाड-नाशिकच्या पहाटेला गार फरशीवर उभं राहून अंगावर पाणी घेणं कुणाला आवडेल? त्याला ‘नको’ म्हणता येत नाही, म्हणून तो चावतो. चावलं की आंघोळ पुढे ढकलली जाते. उद्या तो पुन्हा चावतो.

बहुतेक अवघड वर्तनामागे चारपैकी एखादं कारण सापडतं. कुणाचं तरी लक्ष हवं असतं. एखादी वस्तू किंवा खाऊ हवा असतो. नकोशा कामातून, गोंगाटातून, माणसातून सुटका हवी असते. किंवा ती हालचाल, तो आवाजच शरीराला बरा वाटत असतो. स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांवर अमेरिकेत ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी 1982 साली केलेल्या कामातून ही दिशा पक्की झाली. वरून एकसारखं दिसणारं वर्तन वेगवेगळ्या मुलांमध्ये वेगवेगळ्या कारणांनी घडतं, हे त्यांनी प्रयोगातून दाखवलं. म्हणूनच ‘चावणाऱ्या मुलाला काय करायचं?’ या प्रश्नाचं एकच उत्तर कुणी देऊ शकत नाही. दिलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आता ‘लक्ष वेधण्यासाठी करतो’ या वाक्याबद्दल. हे वाक्य आपल्याकडे आरोपासारखं वापरलं जातं. पण वीस-पंचवीस जणांच्या घरात, जिथे दिवसभरात आपल्याशी कुणी निवांत दोन शब्द बोलत नाही, तिथे लक्ष हवंसं वाटणं ही भूक आहे. भूक लागली म्हणून कुणी दोषी होत नाही.

त्याला सगळं समजतं. ‘चल जेवायला’ म्हटलं की धावत येतो. मग ‘मारू नको’ कसं कळत नाही?

जेवणाची वेळ झाली की वास येतो, ताटांचा आवाज होतो, सगळे उठतात. धावत येण्यासाठी वाक्य कळण्याची गरजच नसते. आपण मात्र धरून चालतो की त्याला भाषा कळते. याउलट ‘मारू नको’ कळलं तरी मारण्याऐवजी काय करायचं हे त्या दोन शब्दांत कुठेच नाही. ऐन उद्रेकात तर चांगलं बोलू शकणाऱ्यालाही शब्द सुचत नाहीत आणि ऐकूही येत नाहीत.

जी व्यक्ती जरा बोलकी, स्वतःचं स्वतः करणारी असते तिच्याबद्दल ‘हा ठरवून करतो’ असं काळजीवाहकांना लवकर वाटतं. तसंच दुसऱ्याला मारणाऱ्याचा राग येतो आणि स्वतःचं डोकं आपटणाऱ्याची दया येते, हेही अभ्यासांत आढळलेलं आहे. दोघांच्या वर्तनामागचं कारण एकच असू शकतं. आपली नजर कुठे घसरते हे माहीत असलं की सावरता येतं.

आणखी एक गोष्ट नाशिक जिल्ह्यात विसरून चालत नाही. बागलाण-मालेगावकडून आलेल्या व्यक्तीच्या घरात अहिराणी बोलली जाते, सुरगाणा-पेठकडच्या घरात डांगी किंवा कोकणा, मालेगावातल्या अनेक घरांत उर्दू. आपण शहरी मराठीत पटपट सूचना देतो आणि ‘ऐकत नाही’ म्हणतो. प्रवेशाच्या वेळीच आईला विचारा : पाणी, संडास, दुखतंय, नको, पुरे, यासाठी घरी कोणता शब्द, कोणती खूण आहे? तो कागद स्वयंपाकघराच्या आणि झोपायच्या खोलीच्या दारावर लावा. फाइलीत ठेवलात तर रात्रीच्या मावशींना त्याचा उपयोग नाही.

वर्तन अचानक सुरू झालं किंवा वाढलं तर सगळ्यात आधी काय बघायचं?

शरीर. डॉक्टरकडे जाईपर्यंत तुम्ही स्वतः बघू शकता अशा गोष्टी पुष्कळ आहेत.

दात आणि हिरड्या बघा. कान दुखत असेल तर व्यक्ती कानावर मारते किंवा डोकं आपटते. पोट साफ किती दिवस झालं नाही? बद्धकोष्ठता हे इतकं सर्रास आढळणारं कारण आहे आणि इतकं दुर्लक्षिलं जातं, की संडासाची नोंद हा मी काळजीचा पहिला कागद मानते. जेवणानंतर छातीत जळजळ, पाळीच्या आधीचं आणि पाळीतलं दुखणं, लघवीची जळजळ, पायातला काटा, नखुरडं, घट्ट चप्पल, उवा, खरूज. झोप किती झाली? नवं औषध सुरू झालंय का? फिटसाठीच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ लेव्हेटिरासेटामने, काही जणांमध्ये चिडचिड आणि आक्रमकता वाढते. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींमध्ये फिटचं प्रमाण मुळात जास्त असतं, साधारण पाचात एकाला, त्यामुळे हा प्रश्न वारंवार येतो. औषध स्वतःहून मात्र कधी बंद करू नका. बदल कधीपासून दिसतोय ते डॉक्टरांना तारखेनिशी सांगा.

डाउन सिंड्रोम असलेली व्यक्ती चाळिशीकडे झुकली आणि हट्टी, चिडखोर, विसराळू झाली, तर थायरॉइड, कान आणि डोळे तपासून घ्या. या व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा पुष्कळ लवकर सुरू होऊ शकतो. ‘आता म्हातारपणी आळशी झाली’ हे निदान नव्हे.

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मतिमंद आहे, असं करणारच’ असं ऐकावं लागलं तर नम्रपणे पण पाय रोवून सांगा, की हे पूर्वी नव्हतं, या तारखेपासून आहे, तोंड आणि कान तपासा. अपंगत्वाच्या नावाखाली आजार झाकला जाणं ही जगभर माहीत असलेली अडचण आहे. तुम्ही रोज सोबत असता, म्हणून ‘पूर्वी नव्हतं’ हे सगळ्यात खात्रीने तुम्हीच सांगू शकता.

नोंद ठेवा म्हणतात. वीस जणांचं करताना लिहायचं कधी?

सगळ्यांचं, सगळं लिहू नका. एका वेळी एका व्यक्तीचं एकच वर्तन निवडा आणि दोन आठवडे फक्त तेवढंच लिहा. तीन गोष्टी पुरतात : आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय घडलं. वेळ आणि जागा टाका.

‘आज खूप चिडला, त्रास दिला’ ही नोंद झाली नाही. त्यात तुमचा दिवस कसा गेला ते कळतं, त्याचा कळत नाही. नोंद अशी असते : ‘सकाळी 7:40, बाथरूमच्या रांगेत. मागच्याने ढकललं. स्वतःच्या उजव्या मनगटाला चावला, साधारण दोन मिनिटं. बाजूला नेऊन पंख्याखाली बसवलं, शांत झाला. आंघोळ शेवटी घातली.’ अशा दहा-बारा नोंदी झाल्या की रांग, गर्दी, वेळ यांतला धागा बहुतेक वेळा स्वतःच दिसायला लागतो. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवा आणि विशेष शिक्षकांनी नंतर कागदावर घ्या. मात्र त्या अवस्थेतल्या व्यक्तीचे व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका. तिची लाज आपण राखायची असते.

विशेष शिक्षकांकडे ‘बेसिक-एमआर’ ही मोजपट्टी असते. सिकंदराबादच्या, बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत भारतीय मुलांसाठी ती 1992 मध्ये तयार झाली. तिच्या दुसऱ्या भागात वर्तनसमस्यांच्या 75 बाबी 10 गटांत दिल्या आहेत. ती भरताना शिक्षकांनी ऑफिसात एकट्याने बसू नये. रात्रपाळीच्या मावशींना शेजारी बसवूनच भरावी.

‘दुर्लक्ष करा’ सांगितलं होतं. केलं, तर दुप्पट ओरडायला लागला.

दुर्लक्ष केल्यावर वर्तन कमी होण्याआधी वाढतं, हे सांगायचं राहून जातं आणि सगळा दोष तुमच्यावर येतो. आजवर ओरडलं की बिस्कीट मिळत होतं. आज मिळालं नाही म्हणून तो जास्त जोरात ओरडून बघतो. त्या टोकाला आपण हरलो आणि बिस्कीट दिलं, तर तो ‘इतकं ओरडलं की मिळतं’ हे शिकतो.

यात काळजीवाहकही अडकतो, आणि हे इंग्लंडमधल्या रिचर्ड हेस्टिंग्ज यांच्यासारख्या अभ्यासकांनी नीट मांडलं आहे. किंचाळणं ऐकवत नाही. बिस्कीट दिलं की ते थांबतं. त्या शांततेचं बक्षीस तुम्हाला मिळतं, म्हणून उद्या तुम्ही बिस्कीट आणखी लवकर देता. दोघंही एकमेकांना शिकवत राहतात. यात कुणाची चूक शोधण्यासारखं काही नाही, ओळखण्यासारखं मात्र आहे.

माझा आग्रह असा, की नुसतं दुर्लक्ष ही योजना कधीच पुरी नसते. दुखणं असेल तर दुर्लक्ष हे क्रौर्य ठरेल. डोकं आपटणं, चावणं यांकडे दुर्लक्ष करता येतच नाही. आणि सुटका हवी म्हणून वर्तन घडत असेल, तर तुम्ही दुर्लक्ष केलंत की त्याला नेमकं हवं तेच मिळतं. दुर्लक्षाच्या जोडीला, हवं ते मागायचा दुसरा रस्ता शिकवलेला असलाच पाहिजे.

दुसरा रस्ता म्हणजे काय? त्याला बोलता येत नाही.

बोलता येत नाही म्हणूनच तर शिकवायचा. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी 1985 साली दाखवलं, की वर्तनातून मूल जे मागतंय तेच मागण्याची सोपी पद्धत शिकवली की वर्तन कमी होतं. कामातून सुटका हवी असलेल्याला मदत मागायला शिकवायचं, लक्ष हवं असलेल्याला लक्ष मागायला.

आपल्याकडे हे असं करता येतं : पुठ्ठ्यावर पाण्याच्या पेल्याचा, संडासाचा, झोक्याचा, ‘थांब’ हाताचा फोटो लावायचा. ‘पुरे’ साठी ताट सरकवण्याची खूण ठरवायची. सुरुवातीला कार्ड दाखवलं की लगेच, दर वेळी, सगळ्या पाळ्यांमध्ये द्यायचं. चावल्यावर दोन सेकंदांत सुटका आणि कार्ड दाखवल्यावर दहा मिनिटांनी, असं झालं तर तो चावणंच निवडेल. आपणही तेच केलं असतं.

जेवण बंद करणं, खोलीत कोंडणं, बांधून ठेवणं, यातलं काय चालतं?

जेवण-पाणी बंद करणं अजिबात चालत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 92 नुसार, दिव्यांग व्यक्ती ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे त्याने तिला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारलं, तर तो गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘आज गोड मिळणार नाही’ पासून ‘आज जेवण नाही’ पर्यंत घसरायला वेळ लागत नाही, म्हणून खाण्याला शिक्षेपासून पूर्ण दूर ठेवा. चारचौघांत मुद्दाम अपमान करणंही त्याच कलमात येतं.

बांधणं आणि कोंडणं याबद्दल मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य आस्थापनांत एकटं कोंडून ठेवायला आणि साखळीने बांधायला मनाई आहे. शारीरिक बंधन घालायचं तर तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच उरला नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि अगदी गरजेपुरतं. शिक्षा म्हणून नाही आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. तुमची संस्था या कायद्याच्या व्याख्येत बसो वा न बसो, याहून कमी दर्जा कुठल्याच घरात मान्य होता कामा नये. ओढणीने पलंगाला बांधलेला हात ‘तात्पुरता’ असतो असं सगळेच म्हणतात. मग ते रोजचं होतं.

कुठे असं घडताना दिसलं तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे किंवा पोलिसांकडे माहिती देता येते. 2016 च्या कायद्यानुसार ही माहिती कुणीही देऊ शकतं.

अंगावर आला, त्या क्षणी काय करू?

आवाज खाली आणा. वाक्य दोन-तीन शब्दांचं ठेवा : ‘बस. पाणी देते.’ समोरासमोर उभं राहू नका, थोडं तिरकं आणि हातभर लांब राहा. बाकीच्यांना बाहेर न्या. एकाला हलवण्यापेक्षा अनेकदा हेच सोपं असतं. एकानेच बोलायचं. चार जण चार बाजूंनी ओरडले तर घाबरलेला माणूस जास्त घाबरतो.

केस धरले तर मागे ओढू नका. त्याचा हात तुमच्या डोक्यावरच घट्ट दाबून धरा आणि मदतीला हाक मारा. चावा घेतला तर हात झटक्याने ओढल्याने जखम मोठी होते. चावा कातडी फोडून गेला असेल तर साबण-पाण्याने नीट धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटिस बी ची लस याबद्दल विचारा. ही लस काळजीवाहकांना संस्थेने आधीच द्यायला हवी.

शांत झाल्यावर लगेच ‘आता माफी माग, कान पकड’ असं करू नका. अंग अजून थरथरत असतं आणि त्यातून दुसरा उद्रेक होतो. पाणी द्या, बसू द्या.

मला त्याचा राग येतो. कधीकधी ड्युटीला यावंसंच वाटत नाही. माझ्यात माया कमी आहे का?

नाही. मार खाल्ल्यावर राग येणं, भीती वाटणं, किळस येणं हे माणसाचं आहे. ‘ही देवाची लेकरं, सेवा म्हणून करायचं’ असं सारखं ऐकवलं जातं तेव्हा राग आला हे बोलायचीही चोरी होते. न बोललेला राग मग ताट आदळण्यात, हात जरा जास्त जोरात धरण्यात बाहेर पडतो.

थकलेल्या माणसाला वर्तन जास्त ‘मुद्दाम’ वाटतं. सलग दोन पाळ्या केलेल्या मावशींना समजावण्याआधी त्यांना झोप द्या. घटनेनंतर दहा मिनिटं बाजूला बसायची मुभा, चहा, आणि ‘तुला कुठे लागलं?’ असं विचारणारं कुणीतरी असलं पाहिजे. चौकशीचा सूर ‘तू काय केलंस म्हणून त्याने मारलं?’ असा असेल तर पुढच्या वेळी घटना कळवलीच जाणार नाही.

तुम्हाला एखाद्या व्यक्तीशी अजिबात जमत नसेल तर ते गृहपालांना सांगा आणि काही दिवस जोडी बदलून घ्या. त्यात कमीपणा नाही. सहन करत राहून एक दिवस हात उगारण्यापेक्षा ते शंभरदा बरं.

गोळ्या वाढवून घ्याव्यात का?

आधी शरीर तपासा, नोंदी बघा, मग डॉक्टरांशी बोला. खरा मनोविकार, तीव्र चिंता, झोपेचा विकार असेल तर औषधाने मोठा फरक पडतो आणि ते द्यायलाच हवं. पण केवळ आक्रमकतेसाठी दिलेल्या औषधांबद्दल 2008 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक महत्त्वाचा अभ्यास आला. बौद्धिक दिव्यांग असलेल्या 86 प्रौढांपैकी काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल आणि काहींना औषध नसलेली गोळी दिली होती. आक्रमकता तिन्ही गटांत कमी झाली आणि औषधांचा गट बिनऔषधाच्या गटापेक्षा सरस ठरला नाही. कुणीतरी नीट लक्ष देतंय यानेही फरक पडत असावा, असा त्याचा एक अर्थ मला वाटतो. एका अभ्यासावर सगळं ठरवू नये, आणि चालू गोळ्या अचानक थांबवणं धोक्याचं असतं. डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा : ही कशासाठी, किती दिवसांनी परत बघायचं, आणि वजन, गुंगी, थरथर यांपैकी कशावर लक्ष ठेवायचं?

अमावास्येला वाढतं. बाहेरचं काही असेल का?

तुमच्याकडे नोंदवही असेल तर तपासून बघा. बहुतेक ठिकाणी अमावास्येची घटना लक्षात राहते आणि बाकीच्या दिवसांच्या विसरल्या जातात. घरच्यांना त्र्यंबकला पूजा करायची असेल, तर त्यांच्या श्रद्धेशी भांडू नका. फक्त डॉक्टरांची तारीख त्यासाठी पुढे ढकलू देऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

सणासुदीला हमखास बिघडतं. काय करायचं?

हे खरं कारण आहे. गणपतीत नाशिक ढोलाचा आवाज आपल्याला अंगावर रोमांच आणतो. आवाज सहन न होणाऱ्याला तो अंगावर कोसळतो. रंगपंचमीला रहाडीजवळची (रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळची) गर्दी, तोंडावर आलेलं पाणी, दिवाळीचे फटाके, सुट्टीत घरी जाऊन परत येणं. 2027 च्या सिंहस्थात रस्ते बदलतील, शाळेच्या बसची वेळ आणि वाट बदलेल. रोजच्या वाटेवरच ज्याचा जीव टिकून असतो, त्याच्यासाठी हा बदल मोठा आहे.

आठवडाभर आधी चित्रांचं कॅलेंडर लावा. आतल्या बाजूची एक खोली शांत ठेवा. मिरवणूक दुरून, गच्चीवरून दाखवा आणि तो उठला की परत न्या. कुणाला ढोल आवडत असेल तर त्याला जरूर नाचू द्या. ‘यांना गर्दी झेपत नाही’ म्हणून सगळ्यांनाच कोंडून ठेवू नका.

जे काहीच त्रास देत नाहीत, त्यांचं काय?

कोपऱ्यात दिवसभर डोलत बसणाऱ्या ताईंची तक्रार कुणी करत नाही, म्हणून त्यांना कुणी तपासतही नाही. खाणं कमी होणं, एकटं बसणं, आवडीचं गाणं लागलं तरी मान वर न करणं, हे नैराश्य किंवा दुखणं असू शकतं. त्यांच्याही नोंदी ठेवा.

पालक म्हणतात, ‘घरी असं कधी करत नाही.’

कदाचित खरंच करत नसेल. घरी रांग नसते, आंघोळीला पाणी गरम असतं, नको म्हटलं की आई समजते. भांडण्याऐवजी विचारा : घरी सकाळी काय क्रम असतो, चिडला तर आई काय करते? कधी उलटंही असतं. घरी तो सगळ्यांना मारतो, पण प्रवेश नाकारला जाईल या भीतीने आई बोलत नाही. ‘आम्ही काढून टाकणार नाही’ हे संस्थेने आधी सांगितलं, तरच खरं ऐकायला मिळतं.

एक दिवसाचं प्रशिक्षण पुरतं का?

माहिती मिळते, पण ती टिकत नाही. दर पंधरवड्याला अर्धा तास बसून एकाच व्यक्तीच्या नोंदी सगळ्यांनी मिळून वाचणं जास्त उपयोगी पडतं. त्यात स्वयंपाकाच्या मावशी आणि बसचे काकाही हवेत. आधी मावशी बोलतील आणि मानसशास्त्रज्ञ शेवटी, असा क्रम ठेवा. उलटा ठेवलात तर मावशी मान डोलावून निघून जातील.

नाशिकमध्ये मदत कुठे मिळेल?

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्डासाठी त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय. मनोविकारतज्ज्ञ तिथेही आहेत आणि आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही. 18 वर्षांनंतरच्या कायदेशीर पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यास कायदा 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. त्याच न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो. वर्तन आणि मूल्यमापनाच्या सविस्तर कामासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. आणि रात्री, ड्युटीवर असताना, स्वतःचंच मन फार जड झालं तर ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे. तो काळजीवाहकांसाठीही आहे. भिंतीवर लिहून ठेवा.